गोठ्यातली पहिली बातमी

कोलोन शहर पूर्वेला जिथे संपतं, तिथून बेर्गिशेस लांडच्या टेकड्या सुरू होतात. ट्राम, मग बस, आणि बस सोडली की दहा मिनिटांच्या चालीवर एक गोठा. रस्त्याच्या कडेला लाकडी खोपट, आत स्टीलचं यंत्र. नाणं टाकायचं, बाटली धरायची, लिटरभर थंडगार कच्चं दूध. यंत्रावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: कच्चं दूध, पिण्यापूर्वी उकळून घ्यावं. ही पाटी लावणं इथल्या शेतकऱ्याला कायद्यानेच बंधनकारक आहे. मी बहुतेक शनिवारी चार लिटर घेऊन येते. दुकानातल्या दुधावर साय धरत नाही, आणि साय नाही तर विरजण, लोणी, तूप काहीच मनासारखं होत नाही.

ती पाटी बघून मला पूर्वी मनातल्या मनात जरा अभिमान वाटायचा. दूध उकळायला आम्हाला पाटी लागत नाही. खानदेशात रावेरकडच्या आमच्या घरी सकाळी चुलीवर पहिलं काय चढत असेल तर दुधाचं पातेलं. गुरांचा कुठलाही रोग असो, तो त्या पातेल्यापाशी येऊन संपतो, असा माझा पक्का समज होता. 2024 साली अमेरिकेतून बातम्या यायला लागल्या आणि त्या समजाला तडा गेला. पातेल्याच्या अलीकडे कोण बसलेलं असतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

त्या वर्षीच्या सुरुवातीला टेक्ससच्या गोठ्यांत गाई चारा सोडायला लागल्या. दूध एकदम आटलं. जे येत होतं ते दाट, पिवळसर, नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकासारखं. पशुवैद्यांनी नेहमीचे सगळे रोग तपासले, एकही जुळेना. त्याच गोठ्यांतली मांजरं मात्र मरत होती. आजारी गाईंचं कच्चं दूध प्यायलेली मांजरं आंधळी होऊन, तोल जाऊन, गोल गोल फिरून मेली. 25 मार्च 2024 ला जाहीर झालं, की हा एच-5-एन-1, म्हणजे कोंबड्यांचा बर्ड फ्लू. गाईला बर्ड फ्लू होतो हे तोवर पशुवैद्यकाच्या पुस्तकात जवळजवळ नव्हतंच. पुढच्या सव्वा वर्षात 17 राज्यांत 1000हून अधिक कळपांत तो सापडला. अमेरिकेत 70 माणसांना लागण झाल्याची नोंद झाली, त्यांतली 41 माणसं दुभत्या गुरांत काम करणारी होती. टेक्ससमधल्या पहिल्या माणसाला ना खोकला होता ना दम लागला होता. त्याचे डोळे लाल झाले होते, एवढंच.

हा विषाणू गाईच्या नाकापेक्षा कासेत जास्त रमतो. ज्या रेणूंना धरून फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो, ते रेणू कासेच्या आतल्या अस्तरात भरपूर असतात, पक्ष्यांच्या धर्तीचेही आणि माणसाच्या धर्तीचेही. बाल्टिक समुद्रातल्या रीम्स बेटावर जर्मनीची फ्रीडरिश लोएफ्लर संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2024 साली दुभत्या गाईंच्या सडांतून विषाणू सोडून पाहिला. गाईंना ताप भरला, दूध पडलं, आणि जे थोडं दूध आलं त्यात विषाणू खचाखच भरलेला. अमेरिकेतला वाणच नव्हे, युरोपातल्या पक्ष्यांमधला वाणही कासेत तसाच वाढला. म्हणजे यात अमेरिकेच्या गाईचं खास असं काही नव्हतं. तिच्या सडापर्यंत तो पोचला, एवढीच गोष्ट घडली होती, आणि मग धार काढण्याच्या यंत्राच्या नळ्यांनी आणि गुरांच्या ट्रकांनी त्याला पुढे नेलं.

आता आमचा गोठा डोळ्यांसमोर आणा. माझी वहिनी पहाटे पाचला उकिडवी बसते, गुडघ्यांत बादली, कपाळ गाईच्या बरगडीला टेकलेलं. प्रत्येक सडाची पहिली धार ती बादलीत घेत नाही, बाजूच्या करवंटीत सोडते, आणि तिथे मांजरी आधीच येऊन बसलेली असते. मग दोन्ही हातांनी धार लागते. फेस वर येतो, तुषार उडतात. गाय शेपटी मारते, वहिनी मनगटाने डोळा पुसते. ते मनगट दुधाने ओलं असतं. 72 अंशांवर 15 सेकंद तापवलं की दुधातला हा विषाणू मरतो. आपल्या उकळीत तर त्याचा टिकावच लागत नाही. पण उकळी यायच्या आधी दीड तास वहिनीचा डोळा आणि गाईचा सड यांच्यामध्ये एक वीतसुद्धा अंतर नसतं.

दूध उकळल्याने पिणारा वाचतो, धार काढणारी वाचत नाही. आपली सगळी व्यवस्था पिणाऱ्याच्या बाजूने बांधलेली आहे: फॅट, एसएनएफ, पाणी घातलंय का, दूध फाटलंय का. दूध संकलन केंद्रावरचं यंत्र अर्ध्या मिनिटात सांगतं की दुधात काय आहे. ते ज्या हातांनी काढलं त्यांना काय होतंय, हे विचारायला रांगेत कुठेच खिडकी नाही. आणि नव्या रोगाची बातमी जगात सर्वांत आधी त्या हातांनाच कळते. ती तिथून बाहेर पडते की नाही, हे प्रयोगशाळा किती भारी आहे यावर ठरत नाही. सांगणाऱ्याला ती बातमी केवढ्याला पडते, यावर ठरतं.

गुरांचा स्वतःचा म्हणावा असाही एक फ्लू आहे. 2011 साली अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात खोकणाऱ्या एका डुकरात एक विषाणू सापडला. तो फ्लूच्या ए, बी, सी या प्रकारांपैकी कशातच बसेना. पुढे कळलं की त्याचं खरं घर गाय-बैल. 2016 साली त्याला इन्फ्लुएन्झा डी असं स्वतंत्र नाव मिळालं. वासरांच्या छातीच्या दुखण्यात त्याचा हात असतो. माणसाला त्याने आजारी पाडल्याचं दिसलेलं नाही. पण फ्लोरिडात गुरांमध्ये काम करणाऱ्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं निघाली. त्या माणसांनी तो विषाणू अंगावर घेतला, शरीराने त्याची नोंद ठेवली, आणि कोणी विचारलं नाही म्हणून ती नोंद वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. मला ही गोष्ट लस आणि औषधांच्या बातम्यांपेक्षा मोठी वाटते.

नवा रोग गोठ्यात येतो तो जुनं नाव घेऊन येतो. खानदेशाला हे एकदा अनुभवाने कळलंय. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्यांचे ढीग पडायला लागले, तेव्हा आधी नाव निघालं ते राणीखेत. राणीखेत ओळखीचा रोग, त्याची लस ठाऊक, आणि मुख्य म्हणजे त्याने बाजार बंद पडत नाही. 18 फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेच्या निकालाने तो एच-5-एन-1 ठरला, भारतातला पहिला. त्याच आठवड्यात इकडे जर्मनीत, रीम्सपासून हाकेच्या अंतरावरच्या र्युगेन बेटावर मेलेल्या हंसांत हाच विषाणू सापडला, आणि महिनाअखेरीस त्याच बेटावर एक मेलेलं मांजर. मांजराने मेलेला पक्षी खाल्ला असावा, असा कयास झाला. टेक्ससच्या मांजरांच्या अठरा वर्षं आधी हा निरोप्या येऊन गेला होता. आणि 2024 च्या डिसेंबरअखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, त्यांचे नमुनेही भोपाळला गेले आणि तेच नाव घेऊन परत आले. वाघ मेला की देशभर बातमी होते. गोठ्यातलं मांजर मेलं की ते उकिरड्यापलीकडे पुरतात आणि दुसरं पिल्लू आणतात.

उद्या गाईचा फ्लू आपल्याकडे आला तर त्याचं जुनं नाव काय असेल, हे मी आजच सांगू शकते: दगडी. कास सुजली, दूध दाट झालं, पिवळं पडलं, की गोठ्यातला प्रत्येक माणूस म्हणणार दगडी झाली. सडात ट्यूब सोडतील, दोन दिवस वाट बघतील, चांगल्या सडांचं दूध केंद्रावर घालत राहतील. यात अडाणीपणा नाही. शंभरांतल्या नव्व्याण्णव वेळा ती दगडीच असते. इंग्लंडमध्ये 2025 च्या मार्चमध्ये यॉर्कशायरच्या एका मेंढीच्या दुधात हा विषाणू सापडला, तीही कासेचीच तक्रार होती. ती सापडली याचं कारण एकच, त्याच आवारातल्या पक्ष्यांना लागण झाली होती म्हणून तिथली बाकीची जनावरंही तपासायचा तिथे नेम होता. कोणीतरी बघायचं ठरवलेलं होतं.

आपल्याकडे प्रयोगशाळांचा वारसा कमी नाही. गुरांच्या रोगांसाठी देशातली पहिली प्रयोगशाळा 1889 साली पुण्यात उघडली. ती पुढे मुक्तेश्वरला गेली, तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. फ्रीडरिश लोएफ्लर आणि पाउल फ्रोश यांनी लाळ-खुरकताचं कारण विषाणू आहे हे दाखवलं ते 1898 साली, म्हणजे पुण्याच्या प्रयोगशाळेनंतर नऊ वर्षांनी. आज भोपाळ आहे, पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. रावेरहून भोपाळला नमुना रात्रभरात पोचतो. अंतर पडतं ते गोठा आणि तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना यांच्यामध्ये, आणि ते किलोमीटरचं नसतं.

ते अंतर मी 2022 च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. महाराष्ट्रात त्या साली गुरांचा लम्पी रोग आधी आमच्याच रावेर तालुक्यात दिसला, आणि मी तेव्हा सुट्टीला घरी होते. गुरांचे बाजार बंद, शर्यती बंद, गावोगाव शेळ्यांच्या देवीची लस टोचणं चालू. सरकारने दगावलेल्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये जाहीर केले. चांगलं केलं. तरी आमच्या गल्लीतल्या एकाने अंगावर गाठी उठलेली गाय रात्रीतून मळ्यात नेऊन बांधली. मी त्याला विचारलं, काका, डॉक्टर गावातच आहेत, मोफत बघतायत, मग लपवता कशाला? ते म्हणाले, "पोरी, गाय मेली तर पैसे आहेत. गाय जगली आन् उद्या कोणी दूध घेतलं नाही, तर त्याचं काय आहे?" लम्पी माणसाला होत नाही हे सरकार कानीकपाळी ओरडून सांगत होतं, आणि तरीही लोक दूध घ्यायला कचरत होते. काका चुकीचं बोलत नव्हते. मरणाची भरपाई होती, जगण्याची नव्हती.

गाईच्या फ्लूत तर बहुतेक गाई जगतात. दोनतीन आठवड्यांत उठतात, खायला लागतात. काहींचं दूध पूर्वपदावर येतच नाही. गाय मारून टाकणं आपल्याकडे मनालाच पटत नाही. म्हणजे नुकसान आहे ते सगळं दुधाचं: ओतून दिलेलं दूध, आटलेलं दूध, नाकारलेलं दूध. अमेरिकेने हे लवकर ओळखलं. बुडालेल्या दुधापैकी नव्वद टक्क्यांची भरपाई चार आठवड्यांपर्यंत द्यायची सोय 2024 च्या उन्हाळ्यात केली. मात्र धार काढणाऱ्या मजुराचा बुडालेला रोज भरून देणारी अशी देशभराची सोय झाली नाही. तिथले बरेच मजूर परदेशातून आलेले, स्पॅनिश बोलणारे, कित्येकांच्या कागदपत्रांचा ठिकाणा नव्हता. डोळे लाल झाले म्हणून तपासायला जायचं, तर रोज जातो, आणि कदाचित देशही जातो. अशा माणसाने गप्प राहणं हाच शहाणपणा ठरतो. मग अधिकृत आकडा 41 दिसतो, आणि त्याच्या मागे किती डोळे लाल झाले ते त्या गोठ्यांनाच माहीत.

मी दूध घेते त्या शेतकऱ्याला मागच्या हिवाळ्यात विचारलं होतं, तुझी गाय अशी काही विचित्र आजारी पडली तर काय करशील? तो बाटल्यांचं खोकं खाली ठेवत म्हणाला, "फोन करायचा, दुसरं काय?" हे त्याने इतक्या सहज म्हटलं की मला हेवा वाटला. त्या सहजपणाला पैशाचा पाया आहे. इथे राज्याराज्यांत पशुरोग निधी आहे. शेतकरी दर जनावरामागे वर्षाला थोडी वर्गणी भरतो. रोगापायी सरकारी आदेशाने जनावर मारावं लागलं, तर बाजारभावाने भरपाई मिळते, गाईला 4000 युरोपर्यंत. रोग वेळेवर कळवला नाही, तर ती भरपाई हातची जाते. कायद्याने सांगायला भाग पाडलं आहे आणि सांगितल्याबद्दल सांभाळलंही आहे. 10 जानेवारी 2025 ला बर्लिनजवळ ह्योनोव गावी 14 पाणम्हशींच्या कळपात लाळ-खुरकत निघाला, जर्मनीत 1988 नंतर पहिल्यांदा. तीन म्हशी मेल्या होत्या, उरलेल्या माराव्या लागल्या. ब्रिटन आणि दक्षिण कोरियाने आयातीची दारं लावली, अख्ख्या देशाच्या व्यापाराला फटका बसला. पण रोग त्या एका कळपातच थांबला. चौदा म्हशींच्या मालकाची बातमी दाबली गेली असती तर किती गावं गेली असती, याचा हिशेब करवत नाही.

म्हणून जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. मी दूध घेते त्याच शेतकऱ्याकडे धार काढायला रुमानियाचा एक तरुण आहे. त्याचे डोळे लाल झाले तर कोण कोणाला फोन करणार, असं विचारल्यावर मात्र शेतकरी थांबला. बराच वेळ हात पुसत राहिला. "त्याने मला सांगायला हवं," एवढंच म्हणाला. कोलोन ज्या राज्यात आहे त्याच राज्यात, रेडा-वीडेनब्र्युक इथल्या मोठ्या कत्तलखान्यात, 2020 च्या जूनमध्ये दीड हजारांहून अधिक कामगारांना कोविड झाला. बरेचसे पूर्व युरोपातून आलेले, ठेकेदारामार्फत राबणारे, एका घरात अनेकजण दाटीने राहणारे. आजारी आहे हे सांगण्यात त्यांचा फायदा काहीच नव्हता, तोटा सगळा होता. तेव्हा कुठे कायदा बदलला, आणि 2021 पासून मांस उद्योगाच्या मुख्य कामातली ठेकेदारी बंद झाली. गोठ्यातल्या मजुराला तो कायदा लागू होत नाही. शिवाय बर्ड फ्लू युरोपच्या कायद्यात लिहिला गेला तो पक्ष्यांचा रोग म्हणून. निधी, सक्ती, भरपाई, सगळं पक्ष्यांच्या रकान्यात बसवलेलं. गाय त्या रकान्याबाहेर उभी. जर्मन गाईंच्या रक्ताचे आणि टाकीतल्या दुधाचे शेकडो नमुने 2024 मध्ये तपासले गेले आणि त्यांत काही सापडलं नाही, ही चांगलीच गोष्ट. पण ऱ्हाईनच्या खालच्या खोऱ्यात दर हिवाळ्यात लाखाहून अधिक रानहंस उत्तरेकडून उतरतात, आणि ते चरतात ती कुरणं गाईंचीच असतात.

"तिकडे पैसा आहे, आपल्याकडे कुठून आणायचा?" हे मला घरचेच लोक म्हणतात. मी त्यांच्याशी भांडते. दूध संघाकडे लिटरमागे चार-पाच पैसे बाजूला पडले, तर तो आपला पशुरोग निधी होईल. सहकाराची परंपरा ज्या राज्यात आहे तिथे हे शिकवायला जर्मन माणसाची गरज नाही. गावच्या संकलन केंद्रावर दूध बल्क कूलरमध्ये एकत्र होतं. त्या कूलरचा नमुना आठवड्याला एकदा तपासला, तर गावात काही शिरलंय का ते कोणाच्याही गोठ्याचं नाव न घेता कळेल. अमेरिकेने डिसेंबर 2024 पासून दुधाच्या टाक्यांची तपासणी देशभर सक्तीची केली ती याच विचाराने. एखाद्या गावात सापडलंच, तर त्या गावाचं सगळं दूध नेहमीच्या भावाने उचलायचं आणि कडक तापवून वापरायचं. नाकारायचं नाही. ज्या दिवशी एका बाईचं दूध नाकारलं जाईल, त्या दिवशी शेजारच्या दहा गोठ्यांतल्या गाई अचानक "बऱ्या" होतील.

डोळ्यांना गॉगल, हातांत मोजे लावा, हा सल्ला मी वहिनीला देऊन पाहिलाय. मे महिन्यात रावेरला त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असतात. गॉगलवर घामाची वाफ धरते, आणि मोज्याचा हात सडाला लागला की गाय लाथ मारते. हा सल्ला जिथे लिहिला गेला तिथे धार यंत्र काढतं. आमच्याकडे खरं उपयोगाचं ते एवढंच: दगडी झालेल्या गाईची धार शेवटी काढायची, तो हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही, ते दूध मांजरीला घालायचं नाही. आणि धारोष्ण दूध. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची समोर काढलेली धार पेल्याने पिण्याची रीत आहे, पैलवानांची पिढ्यान्‌पिढ्या त्यावर श्रद्धा आहे. ती मोडायला सांगताना मला वाईट वाटतं, पण जवळपास कुठे पक्षी मरत असतील त्या काळात तरी मी ते सांगेन.

परवा रविवारी फोन केला तेव्हा वहिनी गोठ्यातच होती. मागे रवंथाचा आणि साखळीचा आवाज. मी विचारलं, तांबडीची कास कशी आहे? म्हणाली, उतरली सूज, बरी आहे आता. मग विचारलं, मांजरी कशी आहे?

ती थांबली. "मांजरीचं काय मध्येच?"

मी म्हटलं, आधी बघून सांग.

फोन तसाच धरून ती उठली असावी. करवंटी सरकल्याचा आवाज आला. "इथेच तर होती," ती म्हणाली, आणि तिला हाका मारत गोठ्याच्या मागच्या बाजूला गेली.